बाळूची सात पिल्ले आणि आपण न सांगितलेली माहिती: सांगली-साताऱ्याच्या श्वानपालकांस खुले पत्र

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व श्वानपालक, पिल्लांची पैदास करणारे व्यावसायिक, आणि जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत कारवानी (आपल्या भागातली लांब पायांची देशी शिकारी जात) कुत्री सांभाळणारे शेतकरी व मेंढपाळ यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत राहते. एकोणतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. मी पशुवैद्यक नाही, पैदासकारही नाही. माझ्या घरी बाळू नावाचा एक लॅब्रॅडॉर आहे, एवढाच काय तो माझा अधिकार. आपणा सर्वांना माझी विनंती अशी की, कुत्र्यांच्या आनुवंशिक रोगांवर काम करणाऱ्या संशोधकांनी मागितले तर आपल्या कुत्र्याचे थोडे रक्त त्यांना द्यावे आणि त्या रक्तासोबत त्याचा खरा इतिहासही द्यावा. यातली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा पुष्कळ अवघड आहे. हे मी स्वतः चुकून शिकले, म्हणून आधी ती चूक सांगते.

बाळूला आम्ही २०१६ मध्ये एका पैदासकाराकडून आणले तेव्हा तो चाळीस दिवसांचा होता. (आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये असा नियम पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, केंद्र सरकारने केला; तेव्हा आम्हाला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण आज असा नियम आहे हे पिल्लू घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.) पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला साधा ताप आला नाही. पुढे एका संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर, जिथे तो रोज उड्या मारत उतरायचा, तिथे तो वरच्या पायरीवरच थांबला. मी पुढे होऊन हाक मारली, तर एक पाय खाली सोडून तो पायरी चाचपू लागला, जसे आपण अंधारात जिन्याची शेवटची पायरी चाचपतो. दिवसा तो नेहमीसारखा धावत होता. घरी वीज गेली की मात्र दारातल्या खुर्चीला धडकत होता, आणि विजेरीच्या उजेडात त्याचे डोळे पूर्वीपेक्षा जास्त, काचेसारखे चमकत होते. आमच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितले की हा दृष्टिपटलाचा, उतरत जाणारा आजार दिसतो, याला पीआरए म्हणतात, आधी रात्रीची नजर जाते आणि मग दिवसाची, आणि यावर औषध नाही. नंतर गालाच्या आतल्या बाजूला फिरवलेला कापसाचा बोळा बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवून चाचणी केली. दोष असलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती बाळूत सापडल्या. म्हणजे एक प्रत बापाकडून आली होती आणि एक आईकडून.

मी पैदासकाराला फोन केला. ‘आमच्या लाइनमध्ये असलं काही नाही, तुम्ही भातच जास्त घातला असणार,’ असे उत्तर मिळाले. मला राग आला आणि तो राग मी बरेच दिवस बाळगला. त्यामागे मला सोयीचे असे एक कारण होते, ते मात्र मी कुणाला सांगितले नव्हते. आजार दिसण्यापूर्वी, बाळू साडेतीन वर्षांचा असताना, तासगावच्या एका ताईंच्या मादीशी आम्ही त्याचे मेटिंग केले होते. सात पिल्ले झाली. रिवाजाप्रमाणे त्यातले एक आमच्या वाट्याला आले, ते कराडला भाच्याकडे गेले. उरलेली सहा ताईंनी ओळखीपाळखीत दिली. चाचणीचा कागद हातात आल्यावर पहिले पत्र मी या सात घरांना लिहायला हवे होते. मी लिहिले नाही. ‘पिल्ले चांगली आहेत, उगाच कशाला लोकांच्या जिवाला घोर,’ असे स्वतःला समजावत मी एक वर्ष घालवले. म्हणजे पैदासकाराने माझ्याशी जे केले, तेच मी सात घरांशी केले. फरक एवढाच की त्याने फोनवर खोटे सांगितले आणि मी फोनच केला नाही.

आता यातले गणित पाहा. हा आजार होण्यासाठी दोषाच्या दोन प्रती लागतात. एकच प्रत असलेला कुत्रा वाहक असतो. त्याची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, पण तो आपल्या निम्म्या पिल्लांना ती प्रत देतो. बाळूकडे द्यायला दुसरे काही नाहीच, त्यामुळे त्याचे प्रत्येक पिल्लू निदान वाहक असणार. आई पूर्ण निर्दोष असेल तर सातही पिल्ले वाहक, पण एकही आंधळे नाही. आई वाहक असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मा धोका. वर्षभराने धीर करून मी कराडला भाच्याशी आणि इस्लामपूरच्या एका कुटुंबाशी बोलले, आणि दोन्ही पिल्लांची चाचणी झाली. भाच्याचे वाहक निघाले, इस्लामपूरचे बाधित. त्या दोन निकालांवरून ताईंच्या मादीला हात न लावता कळले की ती वाहक आहे. ताईंना हे सांगायला गेले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग त्यांनी आत जाऊन आधीच्या दोन वेतांची वही आणून माझ्यासमोर ठेवली. कोणाकडे कोणते पिल्लू गेले, सगळे त्यात पेन्सिलीने लिहिलेले होते. त्या वहीइतका मौल्यवान संशोधनाचा कागद मी पाहिलेला नाही.

बाळूची चाचणी होऊ शकली, ती कोणाच्या जोरावर, हे मी नंतर वाचले. या विशिष्ट प्रकारच्या पीआरएला कारण होणारा बदल २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शोधला. कुत्र्याच्या ३९ जोड्या गुणसूत्रांपैकी नवव्या गुणसूत्रावर तो आहे, इतके आधी कळले होते. पण तो तुकडा फार मोठा होता. मग पूडल, कॉकर स्पॅनियल, लॅब्रॅडॉर अशा अनेक जातींमधली बाधित कुत्री एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा सर्वांमध्ये समान असलेला भाग आक्रसत गेला आणि शेवटी एका जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलावर बोट ठेवता आले. आपल्या आंधळ्या होत चाललेल्या कुत्र्याचे रक्त मालकांनी दिले नसते तर हे झाले नसते. याच शोधात आणखी एक गोष्ट सापडली: नेमका तोच बदल, तेच अक्षर, बांगलादेशातल्या एका माणसात होते आणि त्यालाही तसलेच रातांधळेपणाचे दुखणे होते. पूडलचे रक्त देणाऱ्या परदेशातल्या मालकाला याची काय कल्पना असणार?

आपल्या भागात अनेकांना वाटते की ‘जेनेटिक रिसर्च’ म्हणजे परदेशातल्या श्रीमंतांचे काम. त्यांना दोनच उदाहरणे देते. ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत जन्मतः येणाऱ्या आंधळेपणामागचे जनुक कळल्यावर २००१ मध्ये अशा कुत्र्यांच्या डोळ्यांत निर्दोष जनुक घालून त्यांना दृष्टी देण्यात आली. त्याच जनुकातल्या दोषाने आंधळ्या होणाऱ्या मुलांसाठीच्या उपचाराला २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. दुसरे उदाहरण हलकेफुलके आहे आणि लॅब्रॅडॉरवाल्यांना घरचे वाटेल. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांत भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकातली चौदा अक्षरे गळालेली असतात. हा अभ्यास बव्हंशी घरगुती कुत्र्यांवर, मालकांनी दिलेल्या नमुन्यांवर आणि त्यांनी भरलेल्या खाण्याच्या प्रश्नावलीवर झाला. तेव्हा ताटाशी लाळ गाळत बसणाऱ्याला ‘हावरट’ म्हणण्याआधी जरा थांबा. पण म्हणून त्याला बिस्किटेही घालू नका.

आता कारवानीबद्दल, कारण माझ्या मते या पत्रातला खरा तातडीचा विषय तोच आहे.

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांच्यासाठी ज्या चाचण्या मिळतात त्या त्या जातींच्या, मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या रक्तावरून तयार झाल्या आहेत. अशी चाचणी फक्त ठरलेला एक बदल आहे की नाही एवढेच सांगते. आपल्या कारवानीत आंधळेपणा येत असेल आणि त्यामागे वेगळ्याच जनुकातला बदल असेल, तर परदेशी चाचणी ‘निर्दोष’ असा दाखला देईल आणि कुत्रा तरीही आंधळा होईल. कारवानीचे कोडे कारवानीच्या रक्तातूनच सुटेल, आणि ते रक्त जत, कवठेमहांकाळ, आटपाडी, माण, खटाव इथल्या वाड्यावस्त्यांवर आहे, किंवा सीमेपलीकडे मुधोळ-बागलकोट भागात, जिथे याच घराण्याची कुत्री मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जातात आणि जिथे तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे केंद्र आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने मुधोळ हाउंडची देशी जात म्हणून नोंद केली आहे. नोंद झाली, मान मिळाला, टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीटही काढले. पण जातीतल्या आजारांची यादी टपाल तिकिटावर येत नाही. ती आपणच लिहून द्यायची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी जत तालुक्यातला. त्याच्या घरी तीन पिढ्या कारवानी आहेत. गप्पांच्या ओघात तो म्हणाला की, त्यांच्या एका मादीच्या वेतात दर खेपेला एखाद्या पिल्लाला वर्षाच्या आतबाहेर झटके येतात. ‘मग काय करता?’ असे विचारले तर म्हणाला, ‘बाई, ते टिकत नाही.’ चार शब्दांत विषय संपला. त्या मादीचा सख्खा भाऊ मात्र शर्यतीत नाव काढलेला, म्हणून त्याच्याकडे चार तालुक्यांतून माद्या येतात. हे झटके आनुवंशिक असतीलच असे मी म्हणत नाही. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा संसर्गजन्य रोग होऊन गेल्यावरही झटके येतात, विषबाधेनेही येतात, आणि म्हणूनच कोणत्या पिल्लाला लस दिली होती आणि कोणाला नाही याची नोंद लागते. पण एका नामांकित नराची पिल्ले गावोगाव पसरली आणि त्याच्यात एखाद्या दोषाची एक प्रत दडलेली असली, तर दहा वर्षांत तो दोष साऱ्या पंचक्रोशीत पोहोचतो. पुढे नात-नातू एकमेकांशी जुळवले की तो उघडा पडतो, आणि तोवर मूळ नराचे नाव कुणाला आठवत नाही. यात त्या नराचा किंवा त्याच्या मालकाचा कसलाही गुन्हा नाही. गुन्हा असलाच तर ‘टिकत नाही’ हे दोन शब्द वहीत न लिहिण्याचा आहे.

मेंढपाळांसाठी आणखी एक गोष्ट. मेंढ्यांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन खरजेवर म्हणून कुत्र्याला टोचण्याची पद्धत आपल्याकडे आहे. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांना या औषधाने गुंगी येते, ती बेशुद्ध होतात, मरतातही. मेंदूत शिरलेले औषध बाहेर ढकलणारा जो पंप असतो, त्याच्या जनुकातली चार अक्षरे या कुत्र्यांत गळालेली आहेत, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात उलगडले. तसेच, लांब पायांच्या शिकारी जातींपैकी ग्रेहाउंड काही भूल-औषधांतून फार उशिरा शुद्धीवर येतो, आणि तिथेही यकृतातल्या एका जनुकाकडे बोट दाखवता आले. आपला कारवानी अंगकाठीने त्याच प्रकारचा. तेव्हा आपला एखादा कुत्रा इंजेक्शननंतर दोन दिवस उठला नसेल, किंवा भुलीनंतर फार वेळ पडून राहिला असेल, तर ‘वाचला बाबा’ म्हणून विसरून जाऊ नका. कोणते औषध, किती, कधी, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

नमुना देणे म्हणजे नेमके काय, याची भीती बऱ्याच जणांना असते, म्हणून थोडक्यात सांगते. पुढच्या पायाच्या शिरेतून तीन-चार मिलिलिटर रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्या नळीत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. बाळूने त्या वेळी डॉक्टरांच्या टेबलावर शेपटी आपटत माझा हात चाटला, एवढाच त्रास झाला. गालाचा बोळा घेणार असाल तर त्याआधी तासभर कुत्र्याला खायला घालू नये, बोळा फिरवून झाल्यावर तो हवेत वाळवूनच पाकिटात ठेवावा, आणि पिल्लू दूध पीत असेल तर त्याला आधी काही वेळ आईपासून दूर ठेवावे. नाही तर पिल्लाच्या तोंडातून आईच्याच पेशी प्रयोगशाळेत जातात आणि कागदावर भलतेच कुत्रे उतरते.

नळीपेक्षा महत्त्वाचा तिच्यासोबतचा कागद. जन्मतारीख, आई, बाप, भावंडे किती, त्यातली मेलेली किती, आजाराची पहिली खूण कोणती आणि कोणत्या वयात दिसली, आधी कोणते आजार झाले, काय खायला घालता: हे नसेल तर ते रक्त म्हणजे नुसते रक्त. आमच्या बाळूची वंशावळीची कागदपत्रे आणि लसीची पुस्तिका ऑगस्ट २०१९ च्या पुरात भिजून लगदा झाली. पैदासकाराने दुसरी प्रत दिली नाही, आणि त्यामुळे बाळूचा आजा कोण हे मला आजही सांगता येत नाही. ज्यांची कागदपत्रे आज कोरडी आहेत त्यांनी त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

आणि कृपा करून निरोगी म्हाताऱ्या कुत्र्यांना विसरू नका. ‘आमचा ठणठणीत आहे, आमच्याकडे संशोधकांचे काय काम?’ असे मला सकाळच्या फिरण्यात पुष्कळांनी विचारले. काम आहे. बाधित कुत्र्यांशी ताडून पाहायला त्याच जातीची निरोगी कुत्री लागतात, आणि उशिरा दिसणाऱ्या आजारात दोन वर्षांचा निरोगी कुत्रा काहीच सिद्ध करत नाही. बारा वर्षांचा, अंधारात अजून नीट जिना उतरणारा करतो. कुत्र्यांच्या जाती बंदिस्त असल्यामुळे एकाच जनुकाने होणाऱ्या आजाराचा माग दहा बाधित आणि दहा निरोगी कुत्र्यांतूनही लागू शकतो, असे २००७ मध्ये दाखवले गेले आहे. माणसांच्या अभ्यासात इतक्या थोड्या नमुन्यांवर भागत नाही. खुब्याच्या सांध्याचा आजार मात्र अनेक जनुके, वजन आणि खाणे यांनी मिळून होतो. तिथे शेकडो-हजारो कुत्री आणि क्ष-किरणांची छायाचित्रे लागतात. अमेरिकेत तीन हजारांवर गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांचे मालक २०१२ पासूनच्या एका अभ्यासासाठी दरवर्षी रक्त, लघवी, केस आणि नखेसुद्धा देत आले आहेत. आपल्याकडे तेवढे कुणी मागत नाही. दहा आणि दहा तरी जमवू या.

पैदासकारांची हरकत मला ठाऊक आहे: नाव खराब होईल, गिऱ्हाईक तुटेल. ही भीती खोटी नाही, कारण आपण गिऱ्हाईकही ‘वाहक’ या शब्दाला महारोग समजतो. वाहक कुत्रा टाकून द्यायचा नसतो. चांगल्या स्वभावाची, चांगल्या बांध्याची वाहक मादी तपासलेल्या निर्दोष नराशी जुळवली तर एकही पिल्लू आंधळे होत नाही, आणि पुढच्या पिढीत निर्दोष पिल्ले निवडता येतात. उलट साऱ्या वाहकांना एकदम बाद केले तर कारवानीसारख्या मर्यादित संख्येच्या जातीत उरलेल्या मूठभरांचेच आपसात मीलन होत राहते आणि दुसराच एखादा दोष वर येतो. तेव्हा वाहकाचा दाखला दाखवून पिल्लू देणाऱ्याला आपण दोन पैसे जास्त मोजायला हवेत, कमी नव्हे.

शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाला आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या खासगी व सरकारी पशुवैद्यकांना या पत्रातून माझे एवढेच मागणे आहे की, या कामासाठी मराठीत एक पानी अर्ज असावा, त्यावर कुत्र्याचे आणि मालकाचे नाव वेगळे ठेवून नमुन्याला क्रमांक द्यावा, नमुना कुठे जाणार आणि देशाबाहेर जाणार असल्यास आवश्यक परवानगी घेतली आहे का हे त्यावर लिहिलेले असावे, आणि निकाल मालकाला कळवावा. निकाल कळवला नाही तर दुसऱ्यांदा कुणी रक्त देणार नाही, आणि त्यात मालकाचा दोष नसेल. धनगरवाड्यावर जाऊन रक्त घ्यायचे असेल तर जत्रेच्या दिवसात जावे. एरवी कळप रानात असतात.

बाळूच्या सात पिल्लांपैकी सहा घरांपर्यंत मी पोहोचले आहे. तिघांनी चाचणी केली, दोघे करणार आहेत, एकाने मला दारातूनच परत पाठवले, आणि त्याचा राग मी समजू शकते. सातवे पिल्लू, पिवळसर रंगाची मादी, छातीवर रुपयाएवढा पांढरा ठिपका, मार्च २०२० मध्ये जन्मलेली, विट्याच्या एका कुटुंबाने ताईंकडून नेली होती. टाळेबंदीच्या गडबडीत ताईंच्या वहीत त्यांचे नाव लिहायचे राहिले. बाळू ज्या वयात घाटाच्या पायरीवर थांबला, त्या वयाची ती आता झाली आहे. हे पत्र त्या घरात कुणी वाचत असेल, तर संध्याकाळी दिवे मालवून तिला एकदा जिना उतरायला लावून पाहावे, आणि तिचे वेत घेण्याआधी तिची चाचणी करावी. खर्च मी देईन.

आपली नम्र,
बाळूची मालकीण
सांगली